मोटर घुमते, पण फिरत नाही

दिवाळी झाली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची घाई सुरू होते. पावसाळाभर विहिरीवर पडून राहिलेल्या मोटरचं बटण दाबावं, तर ती नुसती ‘घूंऽऽ’ करते. पाइपातून थेंब येत नाही. इमारतीच्या गच्चीवरची टाकी रिकामी असताना खालच्या पंपाचंही असंच होतं. माणूस घायकुतीला येतो, पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि चांगली मोटर तिथेच जळते. खरा बिघाड पुष्कळदा कंडेन्सरसारख्या स्वस्त वस्तूत किंवा गंजून अडकलेल्या शाफ्टमध्ये असतो. मोटर भरून घ्यायचा खर्च त्याच्या कितीतरी पट येतो. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा.

ही कृती सिंगल फेजवर चालणाऱ्या अर्धा ते दीड एचपीच्या मोनोब्लॉक पंपासाठी आहे. थ्री-फेजबद्दल शेवटी सांगितलं आहे.

आधी कारण समजून घ्या

मोटर घुमते याचा अर्थ वीज वाइंडिंगपर्यंत पोचते आहे. पण एका फेजच्या विजेने तयार होणारं चुंबकत्व गोल फिरत नाही, जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं. ५० हर्ट्झच्या विजेत आतल्या पत्र्यांना सेकंदाला १०० वेळा ओढ बसते. तोच तो आवाज. रोटरला पहिला ढकला देण्यासाठी वेगळी स्टार्टिंग वाइंडिंग आणि तिच्यासोबत कंडेन्सर असतो. ढकला मिळाला नाही, किंवा मिळूनही शाफ्ट अडकलेला असला, तर मोटर घुमत बसते. अशा वेळी ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता. तिला थंड करणारा पंखाही तेव्हा बंदच असतो.

साहित्य: टेस्टर, मल्टिमीटर (मायक्रोफॅरड मोजणारा असला तर उत्तम), पाने, मोठा स्क्रू ड्रायव्हर, १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब होल्डर-वायरसह, बारीक पॉलिश पेपर, कोरडी रबरी चप्पल.

कृती

१. आवाज ऐकताच बंद करा. दोन-तीन सेकंदांत मोटर फिरली नाही, तर बटणावरून हात काढा. मेन स्विच किंवा एमसीबी पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि टेस्टरने खात्री करा. मोटर गरम असेल तर गार होऊ द्या. जळक्या वार्निशचा वास येत असेल तर पुढे काही करू नका. मोटर मेकॅनिककडे न्या.

२. शाफ्ट हाताने फिरवून पाहा. मागच्या पंख्यावरची जाळी काढा आणि पंखा फिरवा. तो सहज फिरायला हवा. बऱ्याच मोनोब्लॉकच्या शाफ्टला मागच्या टोकाला खाच असते; पंखा हलत नसेल तर त्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट दोन्ही बाजूंना थोडा थोडा हलवा. नुसत्या गंजाने धरलेला शाफ्ट एवढ्यानेच सुटतो. पंख्याच्या पात्यांवर जोर देऊ नका, त्या तुटतात.

३. तरीही सुटत नसेल तर पंपाची बाजू उघडा. इंपेलरमध्ये वाळू, खडा किंवा क्षार अडकलेला असतो. तो काढून इंपेलर बाहेर घ्या आणि शाफ्ट पुन्हा फिरवा. आता मोकळा फिरला तर दोष पंपाचा. अजूनही जड असेल तर बेअरिंगचा. शाफ्ट वर-खाली हलवल्यावर खडखड जाणवली तरी बेअरिंग बदला. झिजलेल्या बेअरिंगमुळे रोटर स्टेटरला चिकटतो आणि मोटर घुमते.

४. शाफ्ट मोकळा असेल तर कंडेन्सर तपासा. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि जोरदार झटका बसू शकतो. दोन्ही टोकांना बल्बच्या वायरी काही सेकंद लावून तो रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी काढू नका. मग वायरी कुठे जोडल्या होत्या त्याचा फोटो काढा आणि कंडेन्सर सोडवा. तो फुगला असेल, त्यातून तेल झिरपत असेल तर बदलाच. बाहेरून चांगला दिसला तरी मायक्रोफॅरड मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी भरला तर तो थकला आहे. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालेल, कमी नको. मोठा कंडेन्सर लावला की ताकद वाढते, हा समज मोटरला महागात पडतो. वाइंडिंग तापत राहते.

५. टक आवाज ऐका. काही मोटरींमध्ये सेंट्रिफ्युगल स्विच असतो. चांगली मोटर बंद केल्यावर वेग उतरताना ‘टक’ असा आवाज येतो, तो याचाच. त्याचे पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने हलकेच साफ करा. खड्डे पडले असतील तर स्विच बदला.

६. व्होल्टेज पाहा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर जोर साधारण ६१ टक्केच उरतो. पॅनेलवरच्या व्होल्टमीटरचा काटा बटण दाबल्याबरोबर फार खाली येतो का ते बघा. येत असेल तर बारीक वायर, सैल जोड, काळे पडलेले कॉन्टॅक्ट शोधा. सगळं ठीक असूनही व्होल्टेज कमीच असेल, तर ते वाढेपर्यंत मोटर लावू नका.

७. शेवटी वाइंडिंग मोजा. वीज बंद आणि कंडेन्सर सोडवलेला असताना कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग या तीन टोकांमधला रोध घ्या. कॉमन-रनिंग ३ ओहम आणि कॉमन-स्टार्टिंग ८ ओहम असेल, तर रनिंग-स्टार्टिंग ११ ओहमच्या आसपास यायला हवा. ही बेरीज जुळली नाही, किंवा कुठे तार तुटलेली दिसली, तर मोटर भरावी लागेल. कोणतंही टोक आणि बॉडी यांच्यात जोड दिसता कामा नये. दिसला तर त्या मोटरला वीजच देऊ नका.

८. पुन्हा लावा, पण मोजून. जाळी बसवा, अर्थिंग घट्ट करा, पंप पाण्याने भरा आणि तीन सेकंदांपुरतंच बटण दाबा. फिरली तर ठीक. पुन्हा घुमली तर बंद करा. कोणती पायरी घाईत झाली ते पाहा.

एक गोष्ट करू नका. वीज चालू ठेवून मोटरचा पंखा हाताने किंवा दोरीने फिरवून ती सुरू करायची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. कंडेन्सर गेलेली मोटर अशी फिरते खरी, पण ढकलाल त्या दिशेला. उलटी फिरली तर पाणीही धड चढत नाही. बोटं जायला मात्र एक क्षण पुरतो.

थ्री-फेज मोटर घुमत असेल तर शाफ्टच्या आधी तिन्ही फेज बघा. एक फ्यूज उडाला, स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट जळला किंवा डीपीवरचा (रोहित्रावरचा) डीओ फ्यूज गेला, की उरलेल्या दोन फेजवर मोटर नुसती घुमते. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या आणि तो तारेने बायपास करू नका. डीपीला स्वतः हात लावायचा नाही. ते काम लाइनमनचं.

मोटर चालू झाली की स्टार्टरच्या झाकणाच्या आत कंडेन्सरचा आकडा आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला वीज बंद ठेवून शाफ्ट हाताने चार वेळा फिरवा. गंजाला धरायला सवडच मिळाली नाही, तर दिवाळीनंतर पहिल्याच बटणाला पाणी पाटात येईल.