लाख किलोमीटरचे देणे

वाहनकर्जाचा अखेरचा हप्ता फिटतो, बँक ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देते, परिवहन कार्यालयात नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरविला जातो आणि गाडी खऱ्या अर्थाने आपली झाल्याचे समाधान लाभते. अनेकदा याच सुमारास मीटरचा आकडा लाखाकडे सरकत असतो.

काही महिन्यांपूर्वी एक ग्राहक आमच्या शाखेत वैयक्तिक कर्जाची चौकशी करण्यास आले होते. त्यांच्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट महामार्गावर तुटला होता. दुरुस्तीचा अंदाज नव्वद हजारांवर गेला होता. झीज व यांत्रिक बिघाड सर्वसाधारण मोटार विम्यातून वगळलेले असल्याने दावाही नामंजूर झाला. कर्ज मिळाले, परंतु वाहनकर्ज फिटून वर्ष होते न होते तोच त्याच गाडीपायी नवा हप्ता सुरू झाला. माझ्या स्वतःच्या गाडीने तेव्हा ९६ हजार किलोमीटर ओलांडले होते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

टायमिंग बेल्ट हा रबराचा दातेरी पट्टा असतो. इंजिनातील पिस्टनची हालचाल आणि व्हॉल्व्हची उघडझाप यांचा मेळ तो राखतो. तो तुटल्यास बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि काही क्षणांत इंजिन निकामी होते. तुटण्यापूर्वी पट्टा सहसा आवाज करीत नाही, म्हणूनच तो मुदतीवर बदलावा लागतो. ही मुदत गाडीसोबतच्या पुस्तिकेत किलोमीटर व वर्षे अशी दोन्ही प्रकारे दिलेली असते; जी आधी संपेल ती ग्राह्य धरावी. अनेक गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. तिला ठरावीक मुदत नसली, तरी वेळेवर ऑइल न बदलल्यास तीही सैल पडते.

माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगचे अंदाजपत्रक ४९,३०० रुपयांचे निघाले. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी मी प्रत्येक बाबीचे कारण विचारले. इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण, तळाला लेप इत्यादी ७,३०० रुपयांची कामे पुस्तिकेत कोठेही नव्हती, ती वगळली. उरलेल्या ४२,००० रुपयांत पट्टा, त्याचे टेन्शनर व वॉटर पंप यांचे ११,८००, क्लच संचाचे १०,४००, पुढील लोअर आर्मचे बुश व शॉकअप यांचे ६,२००, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल व फिल्टर यांचे ५,१०० आणि मजुरी ८,५०० रुपये होती. सर्व रकमा करांसह. वॉटर पंप ठीक असतानाही बदलणे मला आधी उधळपट्टी वाटली. परंतु माझ्या गाडीत तो त्याच पट्ट्यावर फिरतो. पुढे तो गळू लागल्यास सारी उकलणी नव्याने करून मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. क्लचचे मात्र निराळे आहे. त्याचे आयुष्य किलोमीटरपेक्षा चालकाच्या डाव्या पायावर अवलंबून असते, आणि माझा पाय सिग्नलला त्यावरच विसावत असे! ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. घाटउतारावर ते तापले की ब्रेक दगा देऊ शकतात. या अल्प खर्चात काटकसर करू नये.

सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे जुन्या बिलांशी तुलना करताना हा फरक ध्यानी घ्यावा.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ‘तरतूद’ ही संकल्पना परिचित असते. खर्च ज्या दिवशी चुकता होतो त्या दिवसाचा नसतो, तो ज्या काळात साचला त्या काळाचा असतो. लाख किलोमीटरवर ४२,००० रुपये म्हणजे किलोमीटरमागे ४२ पैसे. दरमहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी हे महिना ४२० रुपये होतात. ताळेबंद तपासताना कर्जदाराच्या तरतुदी बारकाईने पाहणाऱ्या मला स्वतःच्या गाडीसाठी मात्र ती करणे सुचले नव्हते, आणि बिल मुदत ठेव मोडून भरावे लागले.

जुना पट्टा मी मागून घेतला. त्याच्या दातांच्या मुळाशी बारीक भेगा पडल्या होत्या. बदलाची तारीख व मीटरचा आकडा बॉनेटच्या आतील बाजूस चिकटविला आहे आणि त्याच आठवड्यात ५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे.