घास अडकतो? गाठ म्हणजे कॅन्सरच असे नाही

“जेवताना घास छातीत अडकतो,” ही तक्रार वस्त्यांत फिरताना आम्ही नेहमी ऐकतो. काहीजण अ‍ॅसिडिटी समजून महिनोन्‌महिने गोळ्या खातात. काहीजण गाठ निघाली की कॅन्सरच समजून पुढचा तपासच सोडून देतात. दोन्हींत नुकसान आपलेच.

साधी गाठ म्हणजे काय?

घसा आणि पोट यांना जोडणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्याच असतात, साध्या गाठी फार थोड्या. त्या साध्या गाठींत सर्वांत जास्त आढळते ती ‘लियोमायोमा’. ही नळीच्या स्नायूत वाढते, आतले अस्तर शाबूत राहते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि तिचा कॅन्सर होणे अगदी क्वचित.

तपासणी कशी होते?

दुर्बीण तोंडातून आत घालून नळी आतून पाहतात. मग सोनोग्राफीची सोय असलेली दुर्बीण किंवा सीटी स्कॅन करून गाठ कोणत्या थरात आहे ते पाहतात. अस्तर गुळगुळीत असेल आणि गाठ लियोमायोमासारखी दिसत असेल, तर डॉक्टर सहसा तिचा तुकडा घेत नाहीत. तुकडा घेतल्यास अस्तर गाठीला चिकटते आणि शस्त्रक्रियेत फाटण्याची भीती वाढते. “तुकडा घेतला नाही, म्हणजे आपल्याला टाळले,” असे समजू नका. मात्र अस्तरावर जखम असेल, तर तुकडा तपासावाच लागतो.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कशी?

गाठ लहान असेल आणि त्रास नसेल, तर ठरावीक काळाने तपासणी करत राहणे पुरते. घास अडकत असेल, छातीत दुखत असेल किंवा गाठ मोठी होत असेल, तर ती काढतात. पूर्ण भूल देऊन, छातीच्या बाजूने जाऊन, स्नायू बाजूला सारतात आणि तुरीच्या शेंगेतून दाणा सोलावा तशी गाठ सोडवतात. अन्ननलिका जागेवरच राहते. शेवटी अस्तराला छिद्र पडले नाही ना, हे पाहून स्नायू शिवतात. अशी शस्त्रक्रिया १९३३ पासून होत आहे. आता बऱ्याच रुग्णांत ती छाती न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बिणीने करता येते. गाठ फारच मोठी असेल, तर नळीचा भाग काढावा लागू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तेव्हाच आधी पातळ, मग मऊ भात-वरण द्यावे. ताप, धाप किंवा छातीत जोराची कळ आल्यास लगेच कळवावे.

थांबू नका

आधी भाकर, मग भात, मग पाणीही अडकू लागले, वजन उतरले, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर एक दिवसही घालवू नका. खर्रा, तंबाखू, बिडी किंवा दारू घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. गाठ साधी की कॅन्सरची, हे अंदाजाने कळत नाही.

कुठे जावे?

आधी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जावे लागू शकते. भामरागड, सिरोंचाहून ती वाट फार लांबची आहे. म्हणून चिठ्ठी, जुने सर्व रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.