रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत

"सिस्टर, पाय दुखत नाहीत, पण आडवं झालं की पोटऱ्यांत आतून वळवळतं. हलवल्याशिवाय राहवत नाही." वस्तीतल्या बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या. चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालते आणि घरचे म्हणतात, नाटकं करते. ड्युटीवर असताना आम्हीही अशा बायकांना "थकवा आहे" म्हणून वाटेला लावलं आहे. ते चुकलंच.

या आजाराला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. स्वीडनचे डॉ. एकबोम यांनी 1945 साली तो सविस्तर मांडला. ओळखायला सोपा आहे. पाय हलवावेसे वाटतात, बसल्या-पडल्या त्रास वाढतो, चाललं की कमी होतो आणि संध्याकाळनंतर जोर धरतो. विहारात वंदनेला बसलं तरी जाणवतो. पोटरीत गोळा येऊन कळ लागते ते वेगळं. मधुमेहात तळपाय जळजळतात, बधिर होतात, तेही वेगळं.

बऱ्याच जणांत याचं मूळ लोहाच्या कमतरतेत असतं. इथे एक गफलत होते. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापराची कळशी, आणि फेरिटिन म्हणजे कोपऱ्यातलं पिंप. कळशी भरलेली दिसते, पिंप मात्र तळाला गेलेलं असतं. म्हणून "एचबी चांगलं आहे" एवढ्यावर परत फिरू नका, फेरिटिनची तपासणी मागा. लॅबच्या कागदावर नॉर्मल लिहिलेलं असलं, तरी या तक्रारीत फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. ताप असताना ही तपासणी करू नका, आकडा खोटा वाढतो.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा तासभर लांब ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळी होते, घाबरू नका. पण मनाने सुरू करू नका. विदर्भात आपल्या कितीतरी घरांत सिकलसेल आहे. ज्यांना वारंवार रक्त चढवलं आहे, त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं.

त्या ताईंना मेडिकलवाल्याने झोप यावी म्हणून सर्दीची गोळी दिली होती. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी हाच त्रास वाढतो! उलटीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही वाढतो. मानसिक आजाराची गोळी मात्र परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास पुष्कळ जणींना होतो, बाळंतपणानंतर बहुधा जातो. डायलिसिसवर असलेल्यांनाही होतो. त्यांनी तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं.

संध्याकाळचा चहा, तंबाखू, दारू सोडून पाहा. झोपण्याआधी पोटऱ्या ताणा, चोळा, कोमट पाण्याने शेका. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. पण काही औषधांनी सुरुवातीला आराम पडतो आणि पुढे त्रास दिवसाच सुरू होतो, म्हणून डोस स्वतः वाढवू नका.

आणि एकच पाय सुजला, लाल-गरम झाला, तर तो हा आजार नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.