मारात लॅपटॉप नको

पुणे,
12 मे

चि. मुक्ता,


तुझा निरोप मिळाला. ऑगस्टमध्ये ताई आणि भाऊजींना घेऊन तू केनियाला निघालीस, याचा मला किती आनंद झाला ते पत्रात मावायचं नाही. मी नैरोबीत राहत असताना भाऊजी दर दिवाळीला फोनवर सिंहांची चौकशी करायचे. येणं मात्र कधी जमलं नाही, आधी कर्ज आणि मग तुमची शिक्षणं. आता तू त्यांना नेते आहेस.

तू विचारलंस, मसाई माराच्या कॅम्पवर वायफाय असतं का, कारण लॅपटॉप बरोबर घेतला तर रजा कमी टाकावी लागेल. वायफाय असतं. जेवणाच्या तंबूत बहुधा मिळतं, कुठे झोपण्याच्या तंबूपर्यंतही पोचतं. सफारीकॉमचं सिम घेतलंस तर माराच्या बऱ्याच भागात नेटवर्कही येतं. तरीही लॅपटॉप नेऊ नकोस. कारण नीट सांगते, म्हणजे मावशी उगाच नाही म्हणते असं तुला वाटणार नाही.

केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तुझी हिंजवडीची दहाची मीटिंग म्हणजे तिथले सकाळचे साडेसात. साडेसातला तू कुठे असायला हवीस? गाडी उजाडताना, सहा-साडेसहाला निघते. रात्रभर शिकार केलेल्या सिंहिणी तेव्हा अजून उघड्या गवतात असतात, तरस परतत असतात, चित्ता उंचवट्यावर उभा राहून दिवसाचा अंदाज घेत असतो. नऊ-दहानंतर ऊन चढलं की जो तो झुडपाखाली जातो आणि मैलभर फिरूनही शेपटीचं टोक तेवढं दिसतं. संध्याकाळचंही तसंच. आपल्याकडे सहा वाजता तुमचा दिवस आटपायचा कॉल असतो, तेव्हा तिथे साडेतीन झालेले असतात आणि दुपारची गाडी दारात उभी असते. म्हणजे ऑफिसच्या दोन्ही वेळा नेमक्या जंगलाच्या दोन्ही वेळांवर येतात.

तू म्हणशील, मधल्या दुपारी तीन तास मोकळेच असतात. असतात खरे, पण ऑफिस त्या तीन तासांत मावत नाही, हे माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे. उघडलेलं काम मनात उघडंच राहतं. गाडीत तू एकटी नसतेस, हेही लक्षात घे. तू कॉलसाठी मागे राहिलीस तर ताईही राहील, मग भाऊजी एकटे जायचे नाहीत. सरळ पूर्ण रजा टाक. अगदीच अडलं तर फोन लागावा म्हणून एका सहकाऱ्याला नंबर देऊन ठेव, बाकी काम निघण्याआधी सोपवून ये. शिवाय कंपनीचा लॅपटॉप परदेशी न्यायला पुष्कळ ठिकाणी लेखी परवानगी लागते. तो हरवला तर सुट्टीचा राहिलेला वेळ फोनाफोनीत जाईल.

फोटो उतरवून ठेवायला लॅपटॉप हवा, हे तुझं दुसरं कारण खरं आहे, पण त्यावर सोपा उपाय आहे. चांगल्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो तीस ते पन्नास एमबीचा असतो. नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप दिसले की बोट बटणावरून उठत नाही आणि एका सकाळी हजार फोटो सहज होतात. म्हणजे पन्नास जीबीपर्यंत. म्हणून मोठी दोन-तीन कार्डं घे, एक टीबीची एसएसडी घे आणि कार्ड रीडर थेट फोनला लावून रात्री फोटो उतरवून घे. घरूनच एकदा करून बघ, म्हणजे तिथे केबल चुकीची निघायला नको. एसएसडी एका बॅगेत, कार्डं दुसऱ्या बॅगेत. घरी पोचेपर्यंत कार्डं पुसायची नाहीत.

वजनाचा हिशोब तर तू केलेलाच दिसत नाही. आधी नाकुरूचं उद्यान आणि तिथून मारा गाडीने, परत येताना माराहून नैरोबीच्या विल्सन विमानतळापर्यंत छोटं विमान, असा तुमचा बेत आहे. भाऊजींच्या पाठीच्या दृष्टीने तो चांगला आहे. पण त्या विमानांत माणशी पंधरा किलो सामान चालतं, हातातली पिशवी धरून. सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कोंबतात, त्यामुळे चाकांची कडक बॅग चालत नाही, कापडी मऊ बॅगच लागते. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर म्हणजे दोन-अडीच किलो गेले. त्यात कॅमेरा, मोठी लेन्स, गरम कपडे आणि ताईची औषधं धर, म्हणजे कळेल.

विजेची काळजी करू नकोस. केनियात आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आणि जवळपास आपल्याइतक्याच व्होल्टची वीज आहे, त्यामुळे आपले चार्जर चालतात. फक्त सॉकेट इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा. दोन अॅडाप्टर घे आणि इथूनच एक साधा एक्सटेन्शन बोर्ड ने. कॅम्पवर वीज बहुतेक सौरऊर्जेवर असते किंवा जनरेटर ठरावीक तास चालतो. काही ठिकाणी तंबूत सॉकेटच नसतो. जेवणाच्या तंबूत एका टेबलावर सगळ्यांचे चार्जर गर्दी करून लागलेले असतात, एकसारखे पांढरे. तुमच्या प्रत्येक चार्जरला रंगीत दोरा बांध. हेअर ड्रायर आणि इस्त्री घरीच ठेव, सौर बॅटरी त्यांनी बसते आणि सगळ्या कॅम्पला अंधार होतो.

पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नकोस, त्या हातातल्याच बॅगेत हव्यात. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, सामानाच्या कप्प्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. शंभर वॉट-अवरपर्यंत अडचण नसते. वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण चौऱ्याहत्तर वॉट-अवर भरते. ज्या पॉवर बँकेवर आकडा पुसला गेलाय ती नेऊ नकोस, तपासणीत काढून घेतात. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लाव.

आता आपल्या घराची एक सवय, ती मात्र मोडावी लागेल. ताई प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळते. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि दंड व तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. विमानतळावर सामान उघडून बघतात. 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत आणि राखीव क्षेत्रांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. कॅमेरा, केबली, औषधं, सगळं कापडी पिशव्यांत भर. ताईने शिवलेल्या नाडीच्या पिशव्या आहेत ना, त्याच ने.

धुळीला मी सगळ्यात जास्त जपते. ऑगस्टमध्ये रस्ते कोरडे असतात. समोरून दुसरी गाडी गेली की धूळ छताच्या उघड्या फटीतून पिठासारखी खाली उतरते आणि बसते ती कुठे, तर कॅमेऱ्याच्या बटणांभोवती आणि लेन्स फिरवायच्या कड्याच्या खाचेत. ती रुमालाने पुसायची नाही, काचेवर ओरखडे येतात. आधी रबरी फुंकणीने उडवायची, मग रंगकामाचा नवा मऊ ब्रश फिरवायचा, कापड शेवटी. आमच्या ड्रायव्हरच्या खिशात असा ब्रश कायम असे, आणि थांबल्या थांबल्या तो सगळ्यांचे कॅमेरे मागून घेई. चालत्या गाडीत लेन्स बदलू नकोस. कॅमेरा मांडीवर ठेवून वर जुनी मऊ ओढणी टाक.

भाऊजी त्यांच्या मित्राचा ड्रोन बरोबर न्यायचं म्हणताहेत, असं ताईने सांगितलं. त्यांना स्पष्ट नाही म्हण. परवानगीशिवाय ड्रोन केनियात नेता येत नाही, नैरोबीला उतरल्यावर कस्टमवाले काढून घेतात. आणि परवानगी असली तरी त्या आवाजाने पिल्लं घेऊन चाललेली हत्तीण बिथरते, गिधाडं घरटी सोडतात. हे करायचंच नाही.

फोनबद्दलही थोडं. 2024 च्या शेवटच्या दिवशी आपल्याकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना घेरलं, ते व्हिडिओ तूही पाहिलेस. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यात लक्ष घालावं लागलं. मारात गर्दी त्याहून मोठी होते. नदीकाठी वीस गाड्या उभ्या असतात, पलीकडे हजारो विल्डबीस्ट जमतात, पुढचा एक पाण्यात पाय घालतो आणि मागे वळतो. तास-दीड तास हेच चालतं. अशा वेळी कुणाचा फोन खणाणला, कुणी गाडीवर चढून सेल्फी काढली, की कळप दुसरीकडे निघून जातो. फोन गाडीत बसतानाच आवाज बंद करून ठेव. ड्रायव्हरला जवळ न्या, अजून जवळ न्या, असं म्हणू नकोस. तुमच्या बक्षिसीच्या आशेने तो नाही म्हणत नाही, पण चित्त्याच्या मादीच्या शिकारीत गाडी आडवी गेली तर तिची पिल्लं त्या दिवशी उपाशी राहतात.

नाकुरूला काळा आणि पांढरा, दोन्ही गेंडे दिसतील. त्यांचे फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यातलं आणि फोनमधलं लोकेशन बंद कर, आणि कुठे दिसला ते लिहून टाकू नकोस. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर, सुदान, केनियातच ओल पेजेटा या राखीव क्षेत्रात 2018 च्या मार्चमध्ये गेला. आता नाजिन आणि फातू या दोन माद्याच उरल्यात. शिंगासाठी मारणारे लोक आजही आहेत, त्यांना पत्ता आपल्या फोटोतून मिळता कामा नये.

मुंबईहून निघताना मोठी लेन्स आणि कॅमेरा कस्टमला दाखवून दाखला घे, परतताना नवीन वस्तू आणली का असा वाद होत नाही. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला पासपोर्टबरोबर ठेव, तो परत येताना आपल्याकडे मागतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते.

लॅपटॉपचं जे वजन वाचेल त्यात एक चांगली दुर्बीण घे, आठ बाय बेचाळीसची. ती खास भाऊजींसाठी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लांबचं मात्र स्वच्छ दिसतं. झाडाच्या फांदीवर आडवा पडलेला बिबट्या त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. घरच्या गच्चीवरून महिनाभर दुर्बीण वापरायची सवय कर म्हणावं, तिथे शिकण्यात वेळ जाऊ नये.

बॅगा भरून झाल्या की वजन करून मला फोन कर. पंधराच्या वर गेलं तर काय काढायचं ते मी सांगेन, पण दुर्बीण काढायची नाही. माझ्याकडे दोन अॅडाप्टर आहेत, विकत घेऊ नकोस, रविवारी येऊन घेऊन जा.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी