नव्या चाकूचा स्क्रू पिळला, आता जबाबदार कोण?

प्रश्न : संत्र्याची कलमे करताना डोळे भरण्यासाठी दुकानातून घडीचा चाकू घेतला. पावती आहे. घरी येऊन उघडला तर पाते डुलते. मुठीवरचा स्क्रू आवळला तर पाते उघडेना, सैल केला की पुन्हा डुलते. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, तुम्ही स्क्रूला हात लावला, वॉरंटी संपली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून नीट करून घेऊ का? आणि यात चूक नेमकी कुणाची?
— एक शेतकरी वाचक, जानेफळ (ता. मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : वेल्डिंगवाल्याकडे आत्ता तरी नेऊ नका. त्याचा हातोडा चाकूवर पडला की तुमची बाजू लंगडी पडेल. आधी चाकू नीट तपासू, मग कायद्याकडे वळू.

पाते डुलते म्हणता, पण कोणत्या दिशेने ते लिहिले नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. पाते पूर्ण उघडा. मूठ एका हातात घट्ट धरा, पात्याची बोथट पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून बघा. जोर लावू नका. डावी-उजवीकडे हलत असेल तर तो खिळीचा प्रश्न. पाते ज्या खिळीवर फिरते तिच्या दोन्ही अंगांना ब्राँझचे किंवा नायलॉनचे पातळ वायसर असतात. स्क्रू आवळला की मुठीच्या पट्ट्या वायसरांवर दाबल्या जातात आणि पाते जागेवर राहते. हा दोष बहुतेक वेळा घरी जातो. पाते वर-खाली हलत असेल तर मात्र स्क्रू कितीही पिळा, फरक पडणार नाही. पात्याच्या बुडाला टेकणारी पट्टी किंवा स्प्रिंग तिथे नीट बसलेली नसते. हा घडणीचा दोष, तो कारखान्याचाच. असा चाकू वापरूही नका, कारण ऐन कापताना पाते बोटांवर मिटू शकते.

तुमचे वर्णन पहिल्या प्रकाराचे वाटते. नव्या चाकूच्या सांध्यात पॉलिशची भुकटी आणि घट्ट ग्रीस अडकलेले असते, त्यामुळे पाते जड जाते आणि माणूस दोष स्क्रूला देतो. म्हणून न खोलता आधी कोमट साबणाच्या पाण्यात सांधा धुवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि पाते बराच वेळ उघड-मीट करा. खोबरेल वापरू नका. थंडीत ते थिजते, आणि डोळे भरायचे काम तर थंडीतलेच. कामाआधी पात्यावरचे तेल मात्र पुसून काढा.

मग स्क्रू. तो बहुधा सहा पाकळ्यांचा, म्हणजे स्टारचा असतो. चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून डोके खराब करू नका. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे योग्य मापाचा स्टार पाना असतो. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्साच फिरवा आणि दरवेळी पाते उघडून बघा. खीळ दोन्हीकडून फिरत असेल तर पलीकडूनही पाना धरावा लागतो. धडधाकट चाकूत अशी एक जागा सापडते जिथे पाते डुलतही नाही आणि अडतही नाही. धुऊन, तेल घालूनही ती सापडत नसेल, तर वायसर वाकडा आहे, भोक मोठे पडले आहे किंवा खिळीचे माप चुकले आहे. ते ना तुमच्या हातचे, ना वेल्डिंगवाल्याच्या.

जाता जाता एक गोष्ट. कलमाच्या चाकूला पुष्कळदा एकाच अंगाने धार असते, दुसरे अंग सपाट. त्यामुळे मिटल्यावर धारेची रेघ मुठीच्या मधोमध न दिसता एका बाजूला दिसते. तो दोष नव्हे. पण दोष समजून कुणी दोन्ही अंगांनी धार लावून दिली, तर डोळ्याचा काप सपाट येत नाही आणि चाकू कामातून जातो. तसेच झाडागणिक चाकू निर्जंतुक करायला ब्लीचचे पाणी वापरत असाल तर लगेच धुऊन पुसा. त्याने पाते आणि खीळ गंजतात, आणि तो गंज कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

आता जबाबदारी. यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली, दुकानदाराशी झालेला तुमचा सौदा. 1930 चा मालविक्री कायदा सांगतो की वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने सांगितले असेल आणि दुकानदार तसलाच माल विकत असेल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. ‘डोळे भरायला चाकू द्या’ असे म्हणून घेतला असेल तर हे तुमच्या बाजूचे आहे. विशिष्ट ब्रँडचे नाव घेऊन मागितला असेल तर थोडे कमी. आणि दुकानात उघडून बघितला असेल, तर तेव्हाच दिसायला हवा होता त्या दोषाबद्दल मागाहून बोलणे अवघड जाते. म्हणून घडीचा चाकू दुकानातच हलवून बघावा. अर्थात दुकानदाराचे ‘कंपनीशी बोला’ हे उत्तर नव्हे, टोलवाटोलवी आहे. पैसे त्याने घेतले, पावती त्याने दिली. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्यापुढे टिकत नाही.

दुसरी, कंपनीची वॉरंटी. वॉरंटीचा कागद वाचा. ‘सुटे भाग खोलल्यास’ असे लिहिले असेल आणि तुम्ही फक्त स्क्रू कमी-जास्त केला असेल, तर माझ्या मते कंपनीचे म्हणणे लंगडे आहे. फिरवता येणारा स्क्रू त्यांनीच बाहेर ठेवला, तो फिरवणे म्हणजे चाकूत फेरफार नव्हे. पण स्क्रू काढून वायसर बाहेर घेतले असतील, खीळ घासली असेल, तर मी कंपनीच्या बाजूने बोलेन. अडकित्त्यासारखा रिव्हेटचा सांधा असेल तर तो ठोकणे हाही फेरफारच.

तिसरी, इजा. पाते मिटून बोट कापले तर भरपाईच्या जबाबदारीला उत्पादनदायित्व म्हणतात, आणि 2019 च्या कायद्यात त्यासाठी वेगळे प्रकरण आहे. घडणीतला किंवा रचनेतला दोष, तसेच अपुऱ्या सूचना यांसाठी उत्पादक जबाबदार असतो. विक्रेता केव्हा? त्याने वस्तूत काही बदल केला, जोडताना किंवा तपासताना काळजी घेतली नाही, किंवा उत्पादक कोण हेच कळत नाही तेव्हा. त्यामुळे बाजारात बिननावाचा चाकू विकणाराही सुटत नाही. पण इजेच्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असेल किंवा ती भलत्याच कामाला वापरली असेल, तर विक्रेत्यावर असा दावा करता येत नाही. चाकूने तारा तोडणे, डबा उघडणे यात आलेच. चाकू नुसता डुलतो, इजा नाही, तर हे प्रकरण लागूच होत नाही. तिथे सदोष मालाची साधी तक्रार करायची.

शेतकऱ्यांना एक निकाल ठाऊक असावा. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मान्य केले की शेतकरी सारे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवील ही अपेक्षाच चूक आहे. चाकूला ही सवलत मिळेल असे समजू नका. तो तुमच्या हातात आहे, आणि दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका म्हणालो ते याचसाठी. उद्या त्याने ठोकलेला चाकू तपासायचा, तर कारखान्याची चूक कोणती आणि त्याची कोणती, हे कोण सांगणार?

माझा निकाल असा. पाते पहिल्या दिवसापासून डुलत होते आणि तुम्ही स्क्रू फिरवण्यापलीकडे काही केले नाही, तर चूक घडवणाऱ्याची आहे, आणि चाकू बदलून देणे किंवा पैसे परत करणे हे दुकानदाराचे काम. डोळे भरणे हा तुमचा व्यवसाय असला तरी हरकत नाही. स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणासाठी’ घेतली असे धरत नाहीत.

दुकानदाराला तारीख घालून लेखी पत्र द्या, कंपनीला त्याची प्रत पाठवा आणि पोच जपून ठेवा. उत्तर नाही आले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही भागले नाही तर बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. कंपनी कुठलीही असो, 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. काही शंभर रुपयांच्या चाकूसाठी कोण खेटे घालणार, हे खरेच. पण पत्र आणि फोन यांना पाच-पन्नास रुपयेही लागत नाहीत.

मात्र चाकू परत देण्याआधी पाते हलताना दिसेल असा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, आणि पावतीचाही फोटो घ्या. पावतीची शाई उडते.