चित्राचा भाव आणि जांगडीचा माल



कापडाच्या धंद्यात एक शब्द रोज कानावर पडतो, तो म्हणजे जांगड. माल घेऊन जा, विकला तर पैसे द्या, नाही विकला तर माल परत करा. मोठ्या व्यापाऱ्याला हे परवडते. त्याच्या शंभर गाठींपैकी दोन बाहेर अडकल्या तरी त्याची चूल पेटते. पण ज्याचा सारा मालच बारा नग आहे त्याला जांगड परवडत नाही. ही साधी गोष्ट तीस वर्षे गज हातात धरूनही आम्हाला समजली नव्हती. ती एका चित्रकाराकडून समजली. त्यासाठी त्याला जी किंमत मोजावी लागली ती मोजायला नको होती. म्हणूनच आज लहान गावातला चित्रकार आपला माल कसा दाखवतो, कसा विकतो आणि कुठे बुडतो, याचा हिशेब मांडत आहोत. चित्राच्या जागी लाकडी खेळणी, भरतकाम किंवा खत्ताती धरली तरी हिशेब तोच राहील.

आमच्या दुकानातली गोष्ट

आमचे दुकान राजापूरच्या बाजारपेठेत आहे. हा चित्रकार तालुक्यातलाच. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या रंगवी, गणपतीच्या दिवसांत मूर्तिशाळेत रंगकाम करी आणि शाळांच्या भिंतींवर नकाशे काढी. डिजिटल फ्लेक्स आले आणि पाट्यांचे काम जवळजवळ संपले. मग त्याने जलरंगात आपल्या भागातली चित्रे काढायला घेतली. कौलारू घरे, नदीचा काठ, किनाऱ्यावरची होडकी असे विषय होते. अशी बारा चित्रे त्याने आमच्याकडे जांगडीने ठेवली. आम्ही ती साड्यांच्या कपाटांवर टांगली. उन्हाळ्यात मुंबईची माणसे गावी आली, तेव्हा तीन विकली गेली.

पुढे पाऊस लागला. अर्जुना आणि कोदवलीचे पाणी जवाहर चौकात चढते, हे राजापूरकरांना नवे नाही. त्या रात्री आम्ही आणि नोकरांनी मिळून कापडाच्या गाठी माळ्यावर चढवल्या. एकही तागा भिजला नाही. चित्रांची आठवण पहाटे झाली. काचेला धूळ लागू नये म्हणून आम्ही ती खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. नऊच्या नऊ पाण्यात गेली.

तो आला तेव्हा पहिला प्रश्न त्यानेच विचारला, “शेठ, कापड वाचलं ना?” आम्ही हो म्हणालो. त्याच्या हाती एक शर्टपीस दिला आणि जबाबदारी संपली असे मानले. वहीत चित्रांची नोंद नव्हती, म्हणून देणेही नव्हते. पुढच्या हंगामात तो आंब्याच्या पेट्या भरण्याच्या कामावर दिसला. ब्रश सोडला का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “कागद घ्यायला पैसे नव्हते.” नऊ चित्रे म्हणजे त्याचे सगळे खेळते भांडवल होते. आम्ही मात्र त्यांच्याकडे भिंतीची शोभा म्हणून पाहत होतो.

एका धन्याचा हुनर

चित्रकाराला बाजार कधी होता का, असा प्रश्न येथे पडतो. पूर्वी त्याला बाजारापेक्षा धनी होता. राजापूरहून अणुस्कुरा घाट चढून गेले की कोल्हापूरचा रस्ता लागतो. तेथील आबालाल रहिमान यांचे नाव पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि छत्रपती शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले. कोटितीर्थ आणि रंकाळा परिसराची त्यांची निसर्गचित्रे आजही नावाजली जातात. शाहू महाराज १९२२ साली वारले आणि आबालाल १९३१ साली. एवढ्या तोलाच्या माणसालाही धनी लागला. गुणग्राहक राजा मिळाला म्हणून हात चालत राहिला. असा राजा प्रत्येक गावात नसतो, आणि असला तरी कायमचा नसतो.

महामार्गाने दक्षिणेला गेले की सावंतवाडी लागते. तेथील गंजिफाची गोष्ट कापडवाल्याने मुद्दाम ऐकावी. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत या खेळाचा उल्लेख सापडतो. मुघल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते असतात, तर दशावतारी गंजिफात दहा रंग आणि १२० पत्ते. मुघल गंजिफातल्या एका रंगाचे नाव ‘किमाश’ आहे, म्हणजे कापडचोपड, व्यापाराचा माल. जुन्या पद्धतीत चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पत्ता तयार करीत आणि त्यावर रंग व लाख चढवीत. खळ म्हणजे काय ते आम्हा कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि हा धंदा बसला. सावंतवाडीत १९७० च्या सुमारास पुंडलिक चितारी यांच्यासारखे मोजकेच वृद्ध जाणकार उरले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून काम पुन्हा सुरू केले. येणारा पाहुणा कारागिराचा हात चालताना पाहतो आणि मग वस्तू विकत घेतो. यात व्यापाऱ्यासाठी मोठा धडा आहे. मेहनत डोळ्यांनी दिसली की गिऱ्हाईक भावावरून कमी भांडते.

वाटेत कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजातले चित्रकथी चित्रे दाखवून कथा सांगत. चित्र हे त्यांचे हत्यार होते, विकायचा माल नव्हे. मानधन आणि धान्य देणारे कमी झाले तेव्हा कला अडचणीत आली. तेथील परशुराम गंगावणे यांनी २००६ साली स्वतःच्या घरच्या गोठ्याच्या जागेत या कलेचे संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी सभागृहाची वाट न पाहता गोठा साफ करून त्यांनी प्रदर्शन मांडले, ही गोष्ट लहान गावच्या प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवावी.

कातिबांचे उदाहरण

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. त्या काळी उर्दू वर्तमानपत्र हाताने लिहिले जाई. कातिब एकेक ओळ बोरूने उतरवी आणि मग ती छापली जाई. १९९४ साली संगणकावर उर्दू लिहिण्याची इनपेज ही प्रणाली आली आणि पुढच्या काही वर्षांत कातिबाची खुर्ची रिकामी झाली. पाटी रंगवणाऱ्याचे फ्लेक्सने जे केले तेच कातिबाचे संगणकाने केले.

तरीही खत्ताती संपली नाही. बातम्या लिहिणारा हात गेला, पण घराच्या भिंतीवर लावायची सुंदर लिपी, लग्नपत्रिका आणि दुकानातली चौकट यांना मागणी राहिली. आपल्या पुष्कळ घरांत माणसाचे चित्र लावत नाहीत, खत्ताती मात्र आवडीने लावतात. घर कोणाचे आहे आणि भिंतीवर काय चालते, हे ओळखून माल दाखवणे ही लबाडी नव्हे, ती गिऱ्हाइकाची कदर आहे. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनीही नाव होण्यापूर्वी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले आणि खेळण्यांची कामे केली. पोटाचे काम आणि मनाचे काम एकाच हाताने करण्यात कमीपणा नाही.

भाव कसा काढावा

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. बहुतेक चित्रकार कागद, रंग आणि चौकट यांची बेरीज करतात, वर थोडे चढवतात आणि भाव सांगतात. स्वतःची मजुरी ते धरतच नाहीत. समजा, एका मध्यम चित्राला कागद व रंगाचे १५० रुपये, चौकट व काचेचे ३५० रुपये आणि ने-आण व मांडणीचे १०० रुपये लागले. दोन दिवस काम झाले. रोजची मजुरी ६०० धरली तर मजुरीचे १,२०० होतात. एकूण पडतळ १,८०० रुपये.

आता दुकानदार विक्रीच्या रकमेवर २५ टक्के कमिशन मागतो. चित्रकार १,८०० वर २५ टक्के चढवून २,२५० भाव लावतो आणि हिशेब बरोबर आला असे समजतो. तो चुकतो. २,२५० वर २५ टक्के म्हणजे सुमारे ५६२ रुपये. हाती येतात १,६८८. म्हणजे ११२ रुपये गेले, आणि तेही स्वतःच्या मजुरीतून. बरोबर रीत अशी की १,८०० ला ७५ ने भागावे आणि १०० ने गुणावे. भाव २,४०० येतो. त्यातून ६०० दुकानदाराचे गेले की १,८०० पुरे हाती पडतात. हा फरक आम्ही व्यापारी जाणतो. कारागिराला सांगत नाही, एवढेच.

मांडणी आणि विक्रीचे काही नियम

१. तीन पायऱ्यांचा माल ठेवा. आम्ही रुमालही विकतो आणि शालूही. दहा माणसे शालू पाहतात, एक घेते. उरलेल्यांना रुमाल नसेल तर ती रिकाम्या हाती जातात. पोस्टकार्डाएवढे चित्र, मध्यम चौकट आणि एखादे मोठे चित्र, असे तिन्ही हवे.

२. हंगाम पाहा. आपल्याकडे चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीत येतात. राजापूरची गंगा प्रकटली की बाहेरगावची गर्दी होते. लग्नसराई आणि ईदच्या आधी घरे सजतात. भर पावसात प्रदर्शन मांडू नका. ते महिने काम करून साठा वाढवण्याचे आहेत.

३. जागा साधी चालेल. शाळेचे किंवा वाचनालयाचे सभागृह दोन दिवस मागून घ्या. मुंबईचे जहांगीर आर्ट गॅलरीचे दालन १९५२ पासून उभे आहे, पण तेथे पोचेपर्यंत पोट थांबत नाही. प्रत्येक चित्राखाली भाव लिहा. लहान गावात भाव विचारायला माणूस लाजतो आणि न विचारताच निघून जातो.

४. कोकणची हवा सांभाळा. चौकटीच्या मागे रद्दीचा कागद लावू नका, तो ओल धरतो. भिंत आणि चौकट यांमध्ये बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. बुरशी आलेले चित्र गिऱ्हाइकाने परत आणले तर गावभर बोलबाला होतो.

५. सांगून करून घेतलेल्या कामाला बयाणा घ्या. निदान चौकटीचे आणि रंगाचे पैसे आधी हाती पडले पाहिजेत.

६. छपाईचा हक्क जपा. तयार चित्र विकले म्हणून ते कॅलेंडरवर किंवा पिशवीवर छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. मात्र कोणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा होऊ शकतो. म्हणून दोन ओळी आधीच लिहून घ्याव्यात.

७. कराची भीती बाळगू नका. हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. हस्तकलेच्या कारागिराने केंद्र सरकारचे ‘पहचान’ ओळखपत्र काढून ठेवावे; सरकारी मेळ्यांत जागा मागताना ते उपयोगी पडते.

व्यापाऱ्याने काय करावे

शेवटचे दोन शब्द आमच्यासारख्या दुकानदारांसाठी. कारागिराचा माल शक्यतो रोखीने घ्या. बारा घेण्याची ऐपत नसेल तर दोन घ्या, पण पैसे मोजून घ्या. ज्यात आपले पैसे अडकले आहेत तो माल आपण पुरात आधी उचलतो, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. जांगडीनेच घ्यायचा असेल तर वहीत नगवार नोंद करा, भाव लिहा, मुदत लिहा, आणि माल दुकानात असेपर्यंत नुकसानीची जबाबदारी दुकानदाराची, असे लिहून सही करा.

त्या चित्रकाराच्या घरी आम्ही उशिराने गेलो. नऊ चित्रांचे ठरलेल्या भावाने पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले, पण चित्रे पुन्हा ठेवण्याविषयी काही बोलला नाही. वर्षभराने तो तीन चित्रे घेऊन दुकानात आला. आम्ही भिंतीवर जागा करू लागलो, तेव्हा त्याने हात आडवा केला आणि म्हणाला, “शेठ, आधी वही काढा.”

आम्ही वही काढली नाही, गल्ला उघडला. तिन्हींचे पैसे दिले आणि चित्रे आमची झाली. आता पाऊस सुरू होण्याआधी गाठींबरोबर तीही माळ्यावर जातात.