पाणबुडीची हवेची शिदोरी

पाणबुडी बुडते कशी, असे वर्गात विचारले की बरेच हात वर होतात. "टाक्यांत पाणी घेतले की ती जड होते आणि बुडते," हे उत्तर बरोबर आहे. मग ती वर येते कशी? "पाणी बाहेर टाकून," हेही बरोबरच. पण मित्रांनो, खरा प्रश्न यापुढेच आहे. पाणबुडी शंभर-दोनशे मीटर खोल असताना भोवतालचे पाणी तिला चहूबाजूंनी दाबत असते. अशा वेळी टाकीतले पाणी बाहेर ढकलायचे कोणी? हे काम पाणबुडीने बरोबर नेलेली दाबलेली हवा करते. ते कसे, आणि ही हवा केव्हा अपुरी पडते, ते या लेखात पाहू.

उपड्या पेल्याचा प्रयोग

एका बादलीत पाणी घ्या. प्लॅस्टिकचा पारदर्शक पेला पाण्यात पूर्ण बुडवून भरू द्या आणि पाण्याखालीच उपडा धरा. आता रबरी नळीचे एक टोक पेल्याच्या तोंडाखाली न्या व दुसऱ्या टोकातून फुंका. हवा पेल्याच्या वरच्या भागात साठत जाते आणि पाणी खालून निघून जाते. त्याबरोबर पेला वर उसळू पाहतो, हे हाताला स्पष्ट जाणवते.

पाणबुडीच्या बॅलास्ट टाक्या म्हणजे असे उपडे पेलेच होत. माणसे व यंत्रे ज्यात असतात त्या भक्कम कवचाच्या बाहेर त्या बसवलेल्या असतात. टाकीच्या तळाला भोके असतात व माथ्यावर झडपा असतात. पाणबुडी पृष्ठभागावर तरंगते तेव्हा झडपा बंद असतात व टाकीत हवा कोंडलेली असते. झडपा उघडल्या की हवा वरून निसटते, पाणी तळातून शिरते आणि पाणबुडी बुडी मारते. वर येताना झडपा बंद करून टाकीत दाबलेली हवा सोडतात आणि पाणी आल्या वाटेने बाहेर जाते. दर घनमीटर पाणी बाहेर गेले की पाणबुडीचा भार सुमारे १०२५ किलोग्रॅमने कमी होतो, कारण समुद्राच्या पाण्याची घनता तेवढी असते.

बॉइलचा नियम काय सांगतो?

ही हवा पोलादी बाटल्यांत फार मोठ्या दाबाने भरलेली असते. आपण हिशेबासाठी १ घनमीटर मापाची एक बाटली घेऊ आणि तिच्यातील दाब २०० वातावरण मानू. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावरचे १ वातावरण त्यात मिळवले, की ९० मीटर खोलीवर एकूण दाब १० वातावरण होतो.

बाटलीतील दाब बाहेरच्या दाबाइतका उतरला की हवा बाहेर येणे थांबते. म्हणून ९० मीटरवर २०० पैकी १९० वातावरणच कामाला येतात. तापमान बदलत नाही असे धरले, तर त्या हवेने व्यापलेले आकारमान १९० ÷ १० = १९ घनमीटर भरते. याच रीतीने काढलेली उत्तरे पाहा:

पृष्ठभागावर: १९९ घनमीटर
९० मीटर खोलीवर: १९ घनमीटर
१९० मीटर खोलीवर: ९ घनमीटर
३९० मीटर खोलीवर: ४ घनमीटर

बाटली तीच, हवा तीच. पण पृष्ठभागावर १९९ घनमीटर पाणी हटवणारी हवा ३९० मीटरवर अवघे ४ घनमीटर पाणी हटवते. म्हणूनच ही शिदोरी जपून वापरावी लागते. एरवी पाणबुडी पंख्याच्या जोरावर, आडव्या सुकाणूंनी नाक वर करून पृष्ठभागाजवळ येते आणि मग टाक्यांत हवा सोडते. उरलेले पाणी काढण्यासाठी कमी दाबाची हवा पुरते. काही डिझेल पाणबुड्या त्यासाठी इंजिनाचा धूरही वापरतात. नंतर संपीडक यंत्राने बाटल्या पुन्हा भरल्या जातात. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' मुंबईच्या माझगाव गोदीत तयार होऊन १९९२ साली नौदलात आली. तिच्यासारख्या डिझेल पाणबुडीपासून अणुशक्तीवरील पाणबुडीपर्यंत सर्वांना ही हवा लागतेच.

फैलावणारी हवा थंड होते

वरच्या हिशेबात आपण तापमान कायम धरले. प्रत्यक्षात तसे नसते. सायकलच्या ट्यूबमधली हवा एकदम सोडा आणि झडपेशी बोट धरा. हवा गार लागेल. बाटलीत राहिलेली हवा बाहेर पडणाऱ्या हवेला ढकलते. हे कार्य करताना तिची स्वतःची ऊर्जा खर्च होते व ती थंड पडते. बाटलीतला दाब झपाट्याने निम्मा झाला आणि बाहेरून उष्णता अजिबात मिळाली नाही, तर २७° सें. तापमानाची हवा उणे २७° सें. पर्यंत थंड होईल. (शिक्षकांनी गॅमा = १.४ घेऊन हे पडताळून दाखवावे.) बाटलीचे पोलाद थोडी उष्णता देते, म्हणून प्रत्यक्षात तापमान इतके उतरत नाही, पण ते शून्याखाली सहज जाते. अशा हवेत बाष्प असेल तर त्याचे बर्फ होणारच.

हा साधा नियम किती महाग पडू शकतो, हे १० एप्रिल १९६३ रोजी दिसले. 'थ्रेशर' ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी अटलांटिक महासागरात खोल बुडीची चाचणी घेत होती. चौकशीत पुढे आलेला संभव असा: एका नळाचा जोड फुटून खारे पाणी आत आले, विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली आणि पंख्याची ताकद गेली. आता भिस्त होती ती दाबलेल्या हवेवर. टाक्या रिकाम्या करण्याचा प्रयत्न चालू असल्याचा निरोप सोबतच्या 'स्कायलार्क' जहाजाला मिळाला. पण पाणबुडी वर आली नाही. तिच्यावरील १२९ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

पुढे 'टिनोसा' या तशाच बांधणीच्या पाणबुडीवर धक्क्याला चाचणी घेतली गेली. सुमारे ३०० वातावरण दाबाची हवा दाब कमी करणाऱ्या झडपांतून सोडताच तेथील बारीक जाळ्यांवर बर्फ जमले आणि हवेची वाट काही सेकंदांतच बंद झाली. कचरा अडवण्यासाठी बसवलेल्या जाळ्यांनी हवाच अडवली!

यानंतर अमेरिकी नौदलाने 'सबसेफ' ही सुरक्षेची कडक पद्धत सुरू केली. संकटकाळी बाटल्यांतील हवा मधल्या झडपा टाळून थेट टाक्यांत जाईल अशी सोय झाली आणि हवा कोरडी ठेवण्यावर भर दिला गेला. या पद्धतीनुसार प्रमाणित झालेली एकही पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही.

बाटलीत हवा आहे एवढ्याने भागत नाही. ती हव्या त्या खोलीवर, हव्या त्या वेगाने बाहेर आली पाहिजे. पहिल्या गोष्टीचा हिशेब बॉइलच्या नियमाने होतो, दुसऱ्यासाठी उष्णतेचे नियम पाहावे लागतात.

आता एक उदाहरण तुम्ही करा. बाटली १ घनमीटरचीच आहे, पण दाब ३०० वातावरण आहे. २९० मीटर खोलीवर ती किती पाणी हटवील? तुमचे उत्तर ९ घनमीटर आले, तर वरच्या यादीत तेच उत्तर कोठे आहे ते पाहा आणि जास्त दाबाच्या बाटल्यांनी काय साधते ते स्वतःच ठरवा.